बदली वर गेला

भोंगा थांबला आणि उकिडवे धापा टाकत गेटवर पोहोचले.

"उशीर झाला, साहेब. तुमच्या जागी बदली वर गेला," गेट अदबीनं म्हणालं.

नदीकाठच्या या सूतगिरणीचे फ्लॅट करताना बिल्डरने जुना रिवाज हौसेनं जपला होता. पूर्वी उशिरा येणाऱ्या कामगाराचं काम गेटवर ताटकळणाऱ्या बदली कामगाराला मिळे. आता रहिवाशाचं घर त्याच्याच चेहऱ्याच्या, आवाजाच्या यंत्राला मिळे.

उकिडव्यांनी बायकोला फोन लावला.

"वैजू, मी खाली आहे!"

"मग हे लसूण सोलतायत ते कोण?"

"अगं, मी जन्मात कधी लसूण सोललाय का?"



"नाही ना," वैजू हळूच म्हणाली. "म्हणून तर मी त्याला आज कायम करून घेतलं."

फोन बंद झाला. उकिडवे गेटकडे वळले.

"आता मी कुठं जाऊ?"

"बदलीच्या रांगेत थांबा, साहेब. कुणाला उशीर झालाच, तर बघू."

भिंतीशी दुसऱ्या मजल्यावरचे फणसळकर दाढी वाढवून उभे होते. त्यांनी सरकून जागा केली.

"या, उकिडवे. पण माझा नंबर आधी हं."