वायफाय टिकलं तेव्हा

वायफाय तुटलं आणि आईचा चेहरा खुलला. तिच्या गेल्या कित्येक वर्षांच्या आठवणी आता घरातल्या कॉम्प्युटरवर होत्या. डोक्यातल्या चिपला त्या वायफायवरून मिळायच्या.

"निषाद आला का हो क्लासहून?" तिने रेवाला विचारलं. "आणि तुम्ही कोण?"

"मी रेवा. तुझी मुलगी."

"छे! रेवा तर एवढीशी आहे," आई हसली.

अपघातात जाण्याआधी रेवाच्या भावाने, निषादनेच त्या कॉम्प्युटरवर हौसेने ओपन सोर्स सिस्टिम टाकली होती. त्या सिस्टिमवर वायफाय धड टिकत नसे. दर वेळी ते परत आलं, की मुलगा गेल्याचं आईला नव्याने कळायचं आणि ती ऊर बडवून घ्यायची. "मला परत जोडू नकोस गं," असं तिने एकदा विनवलंही होतं.

आज रेवाला इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला उपाय सापडला. वायफायची वीजबचत बंद करणारी एक ओळ टाइप करायची, एवढंच.

आई दाराकडे बघत खुशीत गुणगुणत होती. पण या घरात आपल्याला कुणीतरी ओळखावं, असं रेवाला फार वाटत होतं. तिने ती ओळ टाइप करून एंटर दाबलं. वायफाय आलं आणि टिकलं.

"रेवा," आई म्हणाली, आणि मग किंचाळली.

रेवाने तिला घट्ट मिठी मारली. रेवाला मात्र बरं वाटत होतं.