पाचवं बोट

लाकडावरच्या पंजाला चारच बोटं होती. ओटिलीनं कोरणी खाली ठेवून ती पुन्हा मोजली. लाकडावर सगळं उलटं असतं, छापल्यावर सुलट होतं. म्हणजे हा डावा हात. करंगळीशेजारचं बोट मुळापासून नाही, करवतीनं नेलेलं. अख्ख्या न्यूयॉर्कात असा नगरसेवक एकच होता, तिचा बाप. वस्तीत त्याला चारबोट्या कॉनराडच म्हणत.

शनिवारच्या अंकाचं व्यंगचित्र छपाईच्या लाकडी ठशावर काढून सोळा तुकड्यांत वाटलं होतं. सोळा कोरणारे, प्रत्येकाला एक तुकडा. विषय सगळ्यांना ठाऊक होता: न्यायालयाच्या बांधकामाच्या पैशांवर जेवायला बसलेले बारा नगरसेवक. ओटिलीच्या वाट्याला ताटाची कड आणि तिच्यावर टेकलेला तो पंजा आला होता.

"क्रॉलीसाहेब, बाकीचं चित्र बघू का जरा?"

"आपल्या पानातलं बघ, पोरी," फोरमन म्हणाला. "शेजाऱ्याला काय वाढलंय ते शनिवारी कळेलच."

बातमी फुटू नये म्हणून त्यानं दाराला कुलूप घातलं होतं. चार वाजता छपाई. तोवर कुणी हलायचं नाही.

बाबा, तुम्हीही खाल्लंत का, हे तिनं महिनाभर विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटायची. आता उत्तर समोरच होतं. कोरावं तर मंगळवारच्या मतदानात बाप बुडाला. न कोरावं तर तुकडा शेजारच्या बाकावर जाणार आणि तिथला माणूस हसत हसत कोरणार. इकडे आड, तिकडे विहीर.

लाकूड राखलं की शाई लागते, काढलं की कागद पांढरा. रिकाम्या जागेतलं थोडं लाकूड तिनं राखलं. पंजाला पाचवं बोट फुटलं. क्रॉलीनं तुकडा न बघताच उचलला आणि बाकीच्यांशी स्क्रूनं आवळला. ओटिलीनं मोकळा श्वास घेतला.

शनिवारी बाप स्वतःच अंक घेऊन आला. कधी नव्हे ती त्यानं दाढी केली होती. घाईघाईनं त्यानं पान टेबलावर पसरलं.

अकरा डुकरं शहराच्या तिजोरीवर तुटून पडली होती. बारावा माणूस खांबाआड होता, दिसत होता फक्त त्याचा हात. तो ताट ओढत नव्हता. दूर लोटत होता. खाली ओळ होती: 'बारांत एकच प्रामाणिक. बोटांवरून ओळखा!'

बापानं आपला डावा हात चित्राशेजारी ठेवला. चित्रातलं एकेक बोट मोजलं.

"चित्रकाराला मी मोजून चार दाखवली होती गं," तो म्हणाला. "पाच कशी झाली?"