कडुलिंबाची सावली

भामाबाईंनी दार अर्धंच उघडलं. “मावशी, पोरांना ताप, अंगावर पुरळ काही?” उपकेंद्रातल्या समीक्षा सिस्टरनं विचारलं. “न्हाई बाई, समदी ठणठणीत हायती.” माणच्या माळावरल्या मेंढपाळवस्तीत दारोदार हेच उत्तर आलं. गेल्या आठवड्यासारखंच तिनं मोबाईलवरून ‘गोवर: शून्य’ पाठवलं आणि ती देवळापुढच्या कडुलिंबाखाली लावलेल्या स्कूटीवर टेकली. चटका बसला. एरवी इथं खाली झुकलेल्या फांद्यांची गारेगार सावली असायची. तिनं वर पाहिलं. हात पोचेल तिथपर्यंत झाड ओरबाडलेलं होतं. घरात गोवर शिरला की ‘देवी आली’ म्हणत लेकराच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवायचा आणि वाच्यता करायची नाही, ही रीत तिला आठवली. वस्तीत एकही पोर ओरडत नव्हतं. एवढ्यात भामाबाईंचा लेक खांद्यावर शिडी घेऊन आला. “आवं बाई, गाडी जरा बाजूला घ्या,” नजर चुकवत म्हणाला, “खालचा पाला सपला.”