भिंतीकडे वळलेली खुर्ची

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज बोटं किती दुखतायत, काका?"

"दोन," रक्त काढून झालेला हात दुमडून धरत शिंपीकाका म्हणाले.

डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला. मधुमेहाच्या एका गोळीनं साखरेबरोबर सांध्यांची सूजही उतरते का, याचा त्या अभ्यास करत होत्या. काकांना दोन्ही दुखणी होती. दुसऱ्या भेटीत ते सात म्हणाले होते. तिथून आकडा जो उतरत गेला तो आज दोनवर. इतकी देखणी रेघ दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

"दोन?" शेजारच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या. "मग सकाळी शर्टाची बटणं कुणी लावली?"

"तुझी हौस."

"हौस! जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं केली. आता स्वतःचं एक बटण लावता येईना, आणि म्हणे दोन!"

"अगं, गप बस ना जरा. त्यांचा अभ्यास बिघडेल."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसा बिघडेल, काका?"

काका आपल्या सुजलेल्या पेरांकडे बघत राहिले. "मागे मी सात म्हणालो, तेव्हा तुमचा चेहरा एवढासा झाला."

"मी काही बोलले का?"

"बोलायला कशाला लागतं? गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणतं, मस्त बसलाय. पण चेहरा पडलेला असतो. खांदा उसवायचा की नाही, ते मला तिथंच कळायचं. म्हटलं, पोरगी एवढी राबतेय, आपल्या तोंडून कशाला..."

काकांची गोळी औषधाची की नुसती तशी दिसणारी, हे काकांना ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरबाईंनाही नव्हतं. कुणाच्या मनाचा कल आकड्यात उतरू नये म्हणून डब्यांवर फक्त क्रमांक घातले होते. चेहऱ्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"जुने आकडे आता खोडणार?" काकांनी विचारलं.

"खोडायचे नसतात. शेजारी लिहायचं, हे धरू नका."

"म्हणजे मी फुकट गेलो."

"तुम्ही नाही गेलात. माझी रेघ गेली."

"आणि गोळी नापास झाली तर?"

"तर नापास. दुसरी शोधू. पण खोटी पास झाली, तर उद्या ती भलत्याच कुणाला तरी देतील. मग त्याच्याही बायकोला रोज बटणं लावत बसावं लागेल."

"बघा," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाई उठल्या. आपली खुर्ची त्यांनी भिंतीकडे वळवली आणि खोलीकडे पाठ करून बसल्या. समोर रंगाचे पोपडे होते आणि एक रिकामा खिळा. त्यांनी कागद मांडीवर घेतला.

"आता सांगा. माझं तोंड काही तुम्हाला दिसत नाही."

मागे काकांची खुर्ची नुसती करकरली.

"सांगा की," काकूंचा आवाज आला, पण आता त्यात धार नव्हती.

"सात," काका म्हणाले. मग जरा थांबून, "सकाळी उठल्यावर आठ."

पेन चाललं आणि थांबलं.

"झालं लिहून?"

"झालं."

"मग वळा आता इकडे."

"एक मिनिट," भिंतीकडे बघतच डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकूंनी काकांची वर सारलेली बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावायला घेतलं.

"सावकाश," काका म्हणाले.

कुणाला, ते काकूंनी विचारलं नाही.