सात महिन्यांची झोप

उद्यापासून झोपायचं म्हणून नर्स कुंदाताईंची नखं कापत होती. तिसऱ्याच बोटाला त्यांनी हात मागे ओढला.

"मी यंदा झोपणार नाही."

त्यांचे पती, सांगलीचे निवृत्त अभियंते विश्राम आपटे, शेजारच्या पलंगावर ताडकन उठून बसले. व्हिएतनामच्या दा नांग शहरातलं समुद्रासमोरचं घर आणि दारात येणारा डॉक्टर त्यांच्या शिलकीत एकाच अटीवर परवडत होते. जून ते डिसेंबर, वर्षातले सात महिने थंड पेटीत झोपून काढायचे. तेवढे दिवस जेवणखाण लागत नसे. वय मात्र वाढतच राही.

"अगं, जागं राहिलो तर शिल्लक नऊ वर्षांत संपेल. झोपलो तर वीस वर्षं पुरेल."

"त्यातली जागेपणाची किती? आठच ना?" कुंदाताई म्हणाल्या. "ऑक्टोबरात माझी सख्खी बहीण, शालूताई गेली. मला कळलं जानेवारीत. शेवटचे तीन आठवडे ती मला फोन लावत होती हो."

विश्रामराव खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "आणि नऊ वर्षांनंतर?"

"माहीत नाही. मलाही भीती वाटते."

विश्रामरावांनी येरझाऱ्या थांबवून नर्सला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठून गॅलरीत फेऱ्या मारत होते. धास्ती गेली नव्हती. कुंदाताईंनी चहा आणून दिला.

"जूनमध्ये इथे आंबे मिळतात का गं?" त्यांनी विचारलं. इथे येऊन आठ वर्षं झाली होती.

"कुणाला ठाऊक," त्या म्हणाल्या. "चला, बाजारात जाऊन बघू."