जुन्या शाखा

"आळंबी परत उगवलीय," कडुनिंबाच्या बुंध्याशी उकिडवे बसलेले गजेंद्र पाटणकर म्हणाले.

माळी रामसुमेरने खोडावर मूठ आपटली. पिकल्या भोपळ्यासारखा आवाज आला.

लखनौजवळच्या चिनहटच्या सरकारी कारखान्यात पाटणकर इंजिनीयर होते. त्यांच्या क्वार्टरसमोरचा हा कडुनिंब खोडातून कुजत होता. कुणा शहाण्याने ढोलीत सिमेंट भरलं होतं. रामसुमेरने महिनाभर खपून ते काढलं, आत पाणी साठू दिलं नाही. तरीही झाड पडेल या भीतीने सोमवारी ते तोडायचं ठरलं होतं.

"काटिए मत, साहब. ऊपर का बोझ उतार दीजिए, बस. बुढ़ऊ दस साल और खड़े रहेंगे."

"तुम्हारी तरह."

"हम तो आपके भरोसे खड़े हैं," रामसुमेर हसला.

पाटणकरांनी लगेच बड्या साहेबांना अर्ज लिहिला. हिंदीत, म्हणजे वाचला जाईल. एकाच झाडाचं लिहिलं तर स्वार्थ दिसतो, म्हणून सगळ्यांचंच लिहिलं. तेही एका ओळीत, कारण लांब अर्ज फायलीत कुजतात.

'उद्यान की पुरानी शाखाओं में तत्काल छँटनी की जाए, ताकि भार घटे.'

"अहो, आपल्या शरदला दाखवा एकदा," पद्मा म्हणाली. "पोराची शाळा इथलीच, हिंदीतली आहे."

"अठरा वर्षं लखनौत काढलीत मी. भैयाकडून सब्जी कोण आणतं?"

"तुम्हीच. मेथी मागून पालक आणता."

अर्ज तसाच गेला.

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "पाटणकरजी, बड़ी हिम्मत की बात लिखी. हमसे तो न लिखी जाती."

पाटणकर संकोचले. "और वह नीम, सर? सोमवार को कटेगा तो नहीं?"

"अब काटेगा कौन?" साहेब हसले.

सोमवारी सकाळी खरंच करवत आली नाही. कडुनिंबाखाली वसाहतीचे पाचही माळी रांगेत उभे होते.

"पद्मा, पाच कप चहा टाक!" पाटणकर दारातून ओरडले. "आभार मानायला आलेत बिचारे."

रामसुमेरने दोन्ही हातांनी एक कागद पुढे केला. "पढ़ दीजिए, साहब. बाबू कहत हैं, आप ही का लिखवाया है."

पाटणकरांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "श्री गजेंद्र पाटणकर के सुझाव पर उद्यान शाखा में छँटनी स्वीकृत. पाँचों माली आज से सेवामुक्त."