काळ्या पिशवीतले हात

दिगंबररावांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पिशवीत होते. आत उघडी फिल्म होती. चाचपडत ती रिळावर गुंडाळायची, डब्यात घालून झाकण लावायचं आणि मगच हात बाहेर काढायचे. मध्येच काढले, तर उजेड शिरून सगळ्या फोटोंची वाट लागणार.

नेमकी तेव्हाच वृंदा समोर येऊन बसली.

“अप्पा, मला बोलायचंय.”

“अगं, हातात काम आहे.”

“म्हणूनच आत्ता आले. एरवी मी तोंड उघडलं की तुम्ही उठून बाल्कनीत जाता.”

खरंच होतं ते. लेक महिनाभर माहेरी होती, आणि जावयाचा विषय निघाला की यांना कुंड्यांना पाणी घालायचं आठवायचं. स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा लाखात एक आहे, असं चारचौघांत सांगत फिरले होते.

“तो हात उचलतो, अप्पा. दिवाळसणाला तुम्ही आमचे एवढे फोटो काढलेत ना, त्याच्याही आधीपासून.”

पिशवीत फिल्म रिळावरून निसटली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. कानांवर ठेवायलाही नव्हता. ती सांगत राहिली आणि ते अंधारात फिल्मचं टोक शोधत राहिले.

अखेर फिल्म डब्यात बसली. झाकण घट्ट लागलं. आता हात काढता आले असते. उठताही आलं असतं.

त्यांनी हात तसेच आत ठेवले.

“थांबू नकोस,” ते म्हणाले. “पुढे सांग.”